पोटात फुगलेली बॅटरी

मित्रांनो, मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे, आणि मी भित्रा आहे. आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढची गोष्ट वाचून तुम्ही मला शूर समजाल.

एका स्वच्छ, पांढऱ्या कारखान्यात माझी जुळणी झाली. खोक्यात माझ्याबरोबर माझ्याच कंपनीची एक बॅटरी होती. आमचं छान जमायचं. बॅटरी फक्त वीज देते असं तुम्हाला वाटत असेल. पण ती बोलतेसुद्धा. किती उरलेय, तापलेय का, दमलेय का, सगळं मला आतल्या आत कळवायची. मग मी तसं पडद्यावर दाखवायचो.

मला विकत घेतलं ताईनं. तिचा गल्लीत छोटा स्टुडिओ होता. पुढे काउंटर, मागे पडदा, एक स्टूल. पासपोर्टचे फोटो, बारशाचे फोटो, रडणारी बाळं, डोळे मिटणारे काका. ताई मला रोज मऊ फडक्यानं पुसायची. गिऱ्हाइकं म्हणायची, फोटोत आम्ही आहोत त्यापेक्षा बरे दिसतो. मी फुलून जायचो.

पण ताईला एक खोड होती. चांगली वस्तू वापरायची नाही, जपून ठेवायची. तिचे नवे कप कपाटात, आणि चहा कान तुटलेल्या कपात. एक दिवस तिनं माझी बॅटरी काढली, मखमली डबीत घातली आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवली. मोठ्या कामाला लागेल म्हणाली.

रोजच्या कामासाठी तिच्या दिरानं दुसरी बॅटरी आणली. एक चतुर्थांश किमतीची. वर कुणाचं नाव नाही, पत्ता नाही.

"चालेल ना ही?" ताईनं विचारलं.

"वहिनी, आत सगळं तेच असतं. वरच्या स्टिकरचे पैसे घेतात ते."

खरं सांगतो, दुसऱ्या कंपनीच्या सगळ्याच बॅटऱ्या वाईट नसतात. शेजारच्या स्टुडिओतल्या कॅमेऱ्याकडे तशीच एक होती, पण बनवणाऱ्याचं नाव आणि गॅरंटी असलेली. त्यांचा संसार सुखाचा होता. माझी मात्र घुमी निघाली. काही विचारलं की एकच उत्तर, भरलेली आहे. मीही पडद्यावर तेच दाखवायचो, आणि मग ऐन फोटोत डोळ्यांपुढे अंधार. मला खोटं बोलायला लागायचं, आणि कधी पडेन याचा नेम नसायचा.

मग ती फुगायला लागली.

आधी थोडीशीच. पोटात काहीतरी टोचतंय असं वाटायचं. मग माझं खालचं झाकण लागेना. दिरानं अंगठ्यानं दाबलं, वर चिकटपट्टी मारली आणि म्हणाला, "आता बघू कशी निघते."

मला ती निघायलाच हवी होती. पण सांगणार कसं? मला तोंड नाही. एक डोळा आहे, तोही बाहेर बघणारा. आणि फोटो काढताना ताई मला थेट गालाला चिकटवायची. तिनं चिकटवलं की मी गारठून जायचो. ही आत फुटली तर? ताईचा डोळा माझ्यापासून बोटभरही लांब नसायचा.

अशात मोठं काम आलं. ताईचे बाबा चाळीस वर्षं एका कारखान्यात लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनवर, काम करत होते. त्यांचा शेवटचा दिवस होता. त्यांच्या वर्कशॉपमध्ये एक रीत होती. निवृत्त होणाऱ्यानं आपलं मशीन स्वतः पुसायचं, आणि शेवटचं बटण स्वतः दाबून बंद करायचं. तेवढ्यापुरती बाकीची मशीनं थांबवतात. ताईला तो एक क्षण हवा होता.

तिनं मखमली डबी नेली होती. वर्कशॉपमध्ये उघडली, चिकटपट्टी सोडवून फुगलेली बाहेर काढली, माझी जुनी सोबतीण आत घातली. मी तिला हाक मारली. उत्तर नाही. चार वर्षं कपाटात, एकदाही चार्ज न करता. ती कधीच मेली होती.

ताईचा चेहरा उतरला. सुपरवायझर घड्याळाकडे बघत होता. तिनं फुगलेली बॅटरी परत आत रेटली, चिकटपट्टी ओढून घट्ट केली.

बाबा मशीन पुसत होते. बाकीची मशीनं थांबली. ताईनं मला गालाला लावलं, आणि माझ्या पोटात चटका बसला. साधा नाही. वितळल्यासारखा. गोडसर वास आला. बाबांचं बोट बटणाकडे निघालं. ताईचं बोट माझ्या बटणावर आलं.

आणि मी बंद पडलो.

लोक याला माझा शहाणपणा म्हणतील. नव्हता. मी घाबरलो, बस. मशीन थांबलं. फोटो निघाला नाही.

ताई मला हलवत होती, परत परत चालू करत होती, डोळ्याला लावत होती. बाबांनी वळून पाहिलं. नाक वर केलं, वास घेतला.

"खाली ठेव."

"बाबा, एक मिनिट, आत्ता होईल."

"आधी हात काढ त्याच्यावरून."

तिनं मला फरशीवर ठेवलं. बाबांनी जाड हातमोजे चढवले आणि चिकटपट्टी सोलली. झाकण ताडकन उघडलं, बॅटरी अर्धी बाहेर आली. त्यांनी ती पकडीनं ओढून आग विझवायला भरून ठेवलेल्या वाळूच्या बादलीत टाकली. वाळूतून धूर निघाला. मग फुस्स करून जाळ. सगळे मागे सरकले. मी फरशीवर उताणा, पोट उघडं.

ताई रडायला लागली. म्हणाली, मशीन परत चालू करून बंद करा ना, मी कुणाचा तरी फोन घेते.

"ते नाटक होईल," बाबा म्हणाले. मग हातमोजा काढून त्यांनी तिच्या गालावर हात ठेवला, मला चिकटवायची तिथेच. "दोन्ही डोळ्यांनी बघतेयस ना माझ्याकडे? मग झालं."

तो फोटो आजही नाही. ताईला अजून रुखरुख लागते, आणि मलाही.

आता माझ्यात दोन अस्सल बॅटऱ्या आलटूनपालटून असतात. तरी झाकण उघडलं की माझा जीव खालीवर होतो.

म्हणून सांगतो, मित्रांनो. चांगली बॅटरी कपाटात मारू नका, वापरा. दुसऱ्या कंपनीची घ्यायची तर घ्या, पण बनवणारा कोण ते विचारा. आणि झाकण लागत नसेल तर दाबू नका. वस्तू लांब ठेवा, घरातल्या मोठ्यांना बोलवा. आम्हाला ओरडता येत नाही. आम्हाला फक्त गरम होता येतं.