दवाखान्यावरचा बोजा

मी डेल्फिनाची जुनी पिकअप गाडी बोलतेय. हल्ली बोलतानाही धाप लागते, सांभाळून घ्या.

वाळवंटातल्या टूसॉन शहराच्या उन्हात फरशांची खोकी वाहून माझी पाठ बसली. डेल्फिना उर्किदेस फरशी बसवायची, धाकटा भाऊ रमीरो सिमेंटचा मसाला कालवायचा. दुपारी दोघं माझ्या सावलीत तोर्तियाच्या पोळ्या खायची.

आमचं शेवटचं मोठं काम एका दातांच्या दवाखान्याचं. ठेकेदार केसलर प्रत्येक बिलातला दहावा हिस्सा काम पुरं होईपर्यंत अडकवून ठेवायचा. राज्याचा कायदाच तशी मुभा देतो. काम पुरं झालं, लोक दात दाखवायला येऊ लागले, तरी तो हिस्सा काही सुटेना.

एके सकाळी केसलर माझ्या खिडकीशी आला.

"सही कर यावर. शुक्रवारी चेक देतो."

कागदावर होतं, सगळे पैसे पोचले, पैसे थकले तर इमारतीवर दावा करायचा हक्क सोडला.

"पोचलेच नाहीत, तर पोचले कसं लिहून देऊ?" डेल्फिना म्हणाली. "चेक वटला तरच हक्क सोडला, असा कागद आण. तोही कायद्यातच आहे."

"पुढचं काम नको वाटतं तुला!" म्हणत तो निघून गेला.

रमीरो भडकला. "ताई, घरभाडं थकलंय! सही केली असतीस तर हात झडला असता का?"

"अरे, सही केली की तो पैसे न देताही सुटला!"

तिनं थकलेल्या पैशांपोटी सरकारदरबारी दवाखान्याच्या इमारतीवर बोजा चढवला. ते कळताच दवाखान्याच्या मालकीण, म्हाताऱ्या डॉक्टर व्हिटकॉम्बबाई तणतणत आल्या.

"मी केसलरची बिलं वेळेवर भागवली. मग बोजा माझ्यावर का?"

डेल्फिनाची मान खाली गेली. "तुमच्याशी भांडण नाही हो, डॉक्टर. पण माझी फरशी तुमच्या इमारतीत आहे, त्याच्या खिशात नाही."

"त्याचा शेवटचा हप्ता अजून माझ्याकडेच आहे," बाई हळूच म्हणाल्या. "चेक तुझ्या नि त्याच्या, दोघांच्या नावानं काढते. दोघांच्या सह्यांशिवाय तो वटणार नाही."

केसलरनं नाक मुरडलं, वकील आणले, शेवटी चेकवर सही केली. डेल्फिनाचे पैसे हाती आले, बोजा उतरला. पण त्यात अख्खा उन्हाळा गेला होता, आणि घरमालक कुठे थांबतोय!

आता मी भंगारवाल्याच्या आवारात उभी आहे. टायर गेले, एक दार गेलं. तक्रार नाही. एवढंच सांगते, काम करून घेतलंत तर माणसाला ताटकळत ठेवू नका. तो थांबतो तेव्हा त्याच्या घरातलं काहीतरी विकलं जातं. त्या उन्हाळ्यात मी विकले गेले.