सव्वाअकराची थंडी

बाहेर उन्हाने डांबर मऊ पडले होते, आणि आत, त्या अवाढव्य खरेदी-केंद्राच्या गार फरशीवर, विक्रेत्या मुली अंगात जाड स्वेटर घालून गिऱ्हाइकांना बिनबाह्यांचे उन्हाळी कपडे दाखवत होत्या. या दृश्यात कुणालाही काही वावगे वाटत नव्हते. सुधारलेल्या माणसाचे हे लक्षणच मानावे: तो आधी हवा गार करतो, मग स्वतः गारठतो, मग ऊब विकत घेतो, आणि या तिन्ही क्रियांना मिळून प्रगती असे नाव देतो.

केंद्राचे व्यवस्थापक बारमाही काळा कोट घालत, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना ‘कोटसाहेब’ म्हणत. माणूस दुष्ट नव्हता. कामसू होता, हसतमुख होता, आणि निसर्गावर त्यांचे प्रेम इतके की त्यांनी त्याला एक समितीच नेमून दिली होती. ही हरित समिती दर बुधवारी साहेबांच्या दालनात बसे. वर्षभरात तिच्या हातून दोन ठोस कामे झाली होती. एक, खांबांवर प्लॅस्टिकच्या वेली चढल्या. दुसरे, मधल्या चौकावर ‘निसर्ग वाचवा’ असा प्रचंड फलक टांगला गेला. तो नेमका छताच्या काचेखाली आल्यामुळे खालचा उजेड गेला. मग फलक वाचता यावा म्हणून भर दुपारी सोळा दिवे लावावे लागले.

अशात मुख्य कार्यालयाचे पत्र आले: विजेचा वापर महिन्याभरात घटवा. समिती बसली, चहा झाला, ठराव झाला. सोमवारपासून लिफ्ट दुसऱ्या मजल्यापर्यंतच जाईल. तिसरा मजला बंद.

तिसऱ्या मजल्यावर तीन गोदामे होती आणि एक घड्याळवाली मावशी होती. वय साठीच्या पुढे, डोळ्याला भिंग, गुडघ्याला पट्टा. वडिलांकडून शिकलेल्या कसबावर तिने एकोणीस वर्षे तिथे घड्याळे दुरुस्त केली होती. लिफ्ट बंद म्हणजे तिचे दुकान बंद, हे दिसायला भिंगाची गरज नव्हती. समितीला मात्र ते दिसले नव्हते.

गुरुवारी अकरा वाजता मावशी दालनात येऊन उभी राहिली. हातात बोटे कापलेले लोकरी मोजे होते.

“या मावशी, बसा. हे काय, ऐन उन्हाळ्यात हातमोजे?”

“काय करणार साहेब, तुमच्या राज्यात हिवाळा हटतच नाही! बोटं आखडली की चिमटा थरथरतो. तिळाएवढा स्क्रू एकदा उडाला की अर्धा दिवस मी टेबलाखाली. पण ते राहू द्या. लिफ्टचं काय ते बोला.”

“मावशी, निसर्गासाठी सगळ्यांनीच थोडी झळ सोसायला हवी की नको?”

“सोसू की! पण सगळे म्हणजे मी एकटीच कशी हो? ज्यांची घड्याळं अजून चावीवर चालतात, त्यांचे गुडघेही माझ्याच वयाचे. ती माणसं इतके जिने चढून येणार? मी सोमवारी चढेन कशीबशी. मंगळवारी काही यायची नाही.”

साहेबांना वाईट वाटले. वाईट वाटले की ते चहा करत. अडचणीच्या विषयावर त्यांचा तोच एक उतारा होता. कोटाची बटणे लावत ते उठले आणि फळीवरची विजेची किटली त्यांनी सुरू केली.

“थंडी फार आहे आज. घोटभर घ्या, बरं वाटेल.”

किटली खदखदू लागली. वाफेचा लोट भिंतीवर चढला. थोड्या वेळाने छतात घरघर वाढली आणि जाळीतून बोचरा वारा सुटला. मावशीने मनगट डोळ्यांपाशी नेले.

“सव्वाअकरा. आली बघा, रोजच्यासारखी.”

“कोण आली?”

“थंडी! तशी दिवसभर असतेच, पण सव्वाअकराला आणि पावणेचारला एकदम अंगावर येते. बुधवारी तर तासभर हलत नाही. मला वाटायचं, यंत्राला वेळच लावून दिलीय. तुम्ही चहा कधी घेता हो?”

“सव्वाअकराला,” साहेब हसत म्हणाले, “आणि मग पावणेचारला. बुधवारी काय, समिती असते, किटली चालूच...”

त्यांचे हसू अर्ध्यावरच राहिले.

“आणि किटलीच्या वर, भिंतीवर ती डबी कसली? हिरवा दिवा लुकलुकतोय ती?”

“कोण जाणे! दालन मोठं केलं तेव्हापासून आहे.”

मावशीने स्वतःच किटलीचे बटण बंद केले आणि घड्याळ समोर धरले. सातव्या मिनिटाला घरघर मंदावली. साहेबांनी किटली पुन्हा लावली. पाचव्या मिनिटाला वारा पुन्हा सुटला! साहेबांनी धसका घेऊन किटलीची पिनच उपटली.

निरोप जाताच वातानुकूलन सांभाळणारा तंत्रज्ञ धावत आला. “साहेब, तो मधल्या चौकाचा सेन्सर. चौक तापलाय असं त्याला वाटलं, की यंत्र सगळीकडे गारवा सोडतं. तुमच्या दालनाची भिंत पुढे सरकवली ना, तेव्हा तो आत अडकला.”

“अरे, मग सांगायचं नाहीस?”

“सांगितलं होतं की! तुम्ही म्हणालात, समितीला लेखी दे. दिलं.”

फाइल निघाली. ‘सेन्सर बाहेर हलवणे: वेळेअभावी पुढील बैठकीत.’ हाच शेरा सलग एकतीस वेळा, सुवाच्य अक्षरात. चहापानाला मात्र वेळेचा अभाव एकदाही पडलेला नव्हता.

नागरिकहो, हसण्याआधी ही साखळी नीट पाहा. थंडी वाजते म्हणून चहा. चहा उकळतो म्हणून थंडी. ती सोसवत नाही म्हणून कोट. आणि या साऱ्याला जी वीज लागते तिच्या बचतीसाठी एका दुखऱ्या गुडघ्याची लिफ्ट! पूर्वीचे राजे निदान आपल्या लहरीला लहर म्हणत. आपण तिला ठराव म्हणतो, क्रमांक देतो आणि फाइलला लावतो.

“मावशी,” साहेब खालच्या आवाजात म्हणाले, “म्हणजे ही सगळी थंडी माझी होती?”

“साहेब, घड्याळ मागे पडलं की लोक काटा पुढे सरकवतात. का? तर तो बिचारा वर दिसतो. दोष असतो आतल्या चाकात. माझी लिफ्ट तो काटा हो. तुम्हाला ती दिसली, म्हणून तुम्ही हलवायला निघालात. झाकण उघडायचं कुणी?”

साहेबांनी कोट काढला आणि खुंटीला लावला. मग लिफ्टचा हुकूम उचलला आणि मधोमध फाडला. “आता उघडतो,” ते म्हणाले.

त्याच आठवड्यात सेन्सर चौकात गेला, वाऱ्याचा जोर उतरला, आणि स्वागतासाठी म्हणून दिवसभर झाडाची कुंडी टेकवून उघडे ठेवलेले मुख्य दार मिटू लागले. निसर्ग वाचवायचा फलक खाली उतरला तेव्हा खरोखरच निसर्ग आत आला: काचेतून लख्ख ऊन चौकात पडले आणि सोळाच्या सोळा दिवे विझवता आले. साहेबांनी स्वतःच्या सहीची सूचना दारावर लावली: ‘गेले वर्षभर या इमारतीत जी थंडी होती, ती माझ्या चहाची होती. क्षमस्व.’ शेवटपर्यंत वाचली गेलेली त्या केंद्रातली ती पहिलीच सूचना. महिनाअखेर विजेचा वापर सांगितल्याहून अधिक घटला, आणि लिफ्ट तिसऱ्या मजल्यापर्यंत जातच राहिली.

बोध सांगायचा तर एवढाच. बचतीचा हुकूम काढणाऱ्याने आधी आपल्या खुर्चीपासून हातभर अंतरावर काय उकळते आहे ते पाहावे. निसर्गाच्या नावाने पहिली झळ दुबळ्याला देणे ही बचत नव्हे, ते चोरलेले पुण्य आहे.

पुढच्या बुधवारी हरित समितीची बैठक मावशीच्या दुकानासमोर भरली. खुर्च्या नव्हत्या, चहा नव्हता. साहेब सदऱ्याच्या बाह्या दुमडून उभे होते, मावशीचे हातमोजे खणात पडले होते. सात विषय होते, सातही निकालात निघाले.

“नऊ मिनिटं,” मावशी भिंगाआडून म्हणाली. “बघा, यंत्र चांगलं आहे. नुसतं साफ करायचं राहिलं होतं.”