रतनबाईची पिशवी

लिझीचा खुळखुळा घरंगळत सासऱ्यांच्या पलंगाखाली गेला, म्हणून सिल्व्हिया वाकली. खुळखुळ्याआधी हाताला एक पिशवी लागली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले पाच डायपर. लिझीचे. वापरलेले, पण वास मोठ्या माणसाचा.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. याच डायपरांपायी महिन्यापूर्वी तिनं कामवाल्या रतनबाईला काढलं होतं. पाकीट लवकर संपतं म्हणून स्वयंपाकघरात तिची पिशवी उपडी करायला लावली होती. निघाला काय, तर जेवणाचा डबा अन् कंगवा. तरी काढलंच. तेव्हा समोरच्या खुर्चीत तिचे सासरे सत्यवान, शाळेचे माजी मुख्याध्यापक, पेपर वाचत बसले होते.

"पप्पा, हे काय?"

सत्यवान भिंतीकडे बघत म्हणाले, "थेंब थेंब गळतं. डायपर आत घडी घालून ठेवतो. चर्चमध्ये पँट ओली झाली तर... वयानं होतं."

"म्हणून बाथरूममध्ये नळ सोडून अर्धा अर्धा तास उभे राहता? पाणी प्यायचं सोडलंत?"

"सुनेला काय सांगणार?"

"मला नका सांगू. डॉक्टरांना सांगा. प्रोस्टेट वाढली असेल. तुमच्या वयाच्या कितीतरी जणांची वाढते. औषधं आहेत त्याला."

"आणि कॅन्सर निघाला तर?"

तिनं पिशवीला गाठ मारली. "तर वेळेत कळेल. पण मी त्या बाईला चोर म्हणत होते, आणि तुम्ही पेपरचं पान उलटलंत."

लिझीला कडेवर घेऊन तिनं रिक्षा थांबवली, पप्पांना आत बसवलं. दवाखान्याचं वळण आलं तशी म्हणाली, "सरळ घ्या. आधी रतनबाईकडे."

रतनबाई दारातच होती. "आता घर तपासायला आलाय व्हय?"

सत्यवानांनी वाटभर जुळवलेलं वाक्य तोंडातच राहिलं. "रतनबाई, आधी... मोरी कुठाय?"

तिनं बोट दाखवलं. आत बराच वेळ काहीच आवाज नाही. मग थोडंसं. परत शांत.

"आमच्या मालकांचं असंच हुतं," रतनबाई हळू म्हणाली. "लाजंपायी नळी घालायची येळ आली."

सत्यवान बाहेर आले. "ते डायपर मी घेत होतो. त्या दिवशी बोललो नाही."

रतनबाईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "सून तापट हाय, ती बोलली. पर तुमी सर हुता."

"माझं चुकलं, रतनबाई," सिल्व्हिया म्हणाली. "परत याल?"

"न्हाई. सरांना दवाखान्यात न्या."

रिक्षात सिल्व्हिया त्यांच्याकडे बघत नव्हती. फक्त लिझीला घेऊन आत सरकली, त्यांना कडेला बसता यावं, पटकन उतरता यावं म्हणून.

"आता दवाखान्यात," ती म्हणाली. रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठल्या दवाखान्यात?"

"लघवीच्या डॉक्टरांकडे," सत्यवान म्हणाले, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा त्या आवाजात.