नळाजवळची मुलगी

"बाई, ही कोण?" वर्गातल्या चष्मेवाल्या मुलीने कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट ठेवलं.

फोटो आमच्या जुन्या गल्लीतल्या सार्वजनिक नळाचा होता. कुणीतरी ट्रंकेच्या तळातून शोधून शाळेला दिलेला. नळाशी बायका, बादल्या, आणि कडेला फ्रॉकचा खिसा मुठीत धरून उभी असलेली मुलगी.

"माझी धाकटी बहीण. ठकी म्हणायचो तिला."

कॉम्प्युटरच्या खोलीतली मुलं पडद्याभोवती गोळा झाली. तिला पाहून मला काहीच वाटलं नाही. ठकी लहानपणीच तापाने गेली. घरात तिचा एकही फोटो नव्हता. आई गेल्यावर तिचं नाव निघणंही थांबलं, आणि आता घरात मी एकटीच.

निवृत्तीनंतर शाळेने मला बोलावलं होतं. मुलांनी आपल्या वस्तीच्या इतिहासाची वेबसाइट करायची होती. काय घ्यायचं, काय सोडायचं, ते मी मुलांवरच सोपवलं. माझी अट एकच होती, दोन वेगळ्या माणसांनी सांगितल्याशिवाय एकही गोष्ट लिहायची नाही. या अटीपायी चष्मेवालीच्या वडिलांचं म्हणणं गळालं होतं. ते कोपऱ्यावरचे न्हावी. गल्लीतलं पहिलं दुकान आपल्या आजोबांचं, असं ते छातीठोकपणे सांगत. दुसरं कुणी सांगेना. "दुसरा साक्षीदार आणायला आता वर जाऊन येऊ का, बाई?" असं त्यांनी मला विचारलं होतं. तेव्हापासून ते माझ्याशी तुटक वागत.

चष्मेवालीने टाइप करायला घेतलं आणि ती थांबली. आणखी कोण ओळखेल हिला, असं तिने हळूच विचारलं. मी आठवून पाहिलं. नळावरच्या बायका, शेजारच्या काकू, औषध देणारे डॉक्टर. कुणीच राहिलं नव्हतं.

"मी आहे ना," ती म्हणाली. "मलापण माहितीये, असं लिहूया."

"तुला कधीपासून माहितीये?"

"आत्ता तुम्ही सांगितलंत तेव्हापासून."

मुलं हसली. मीही हसले असेन.

"आणि तुझ्या बाबांना काय सांगायचं?"

मग मीच कीबोर्ड ओढून घेतला आणि फोटोखाली लिहिलं : नळाजवळची मुलगी. ओळख पटलेली नाही.

पालकांना वेबसाइट दाखवायची होती त्या दिवशी मी पडद्याशेजारी बसून पानं पुढे सरकवत होते. एक तरुण आई मुलीला कडेवर घेऊन आली. नळाच्या फोटोवर मुलगी अडली.

"हिचं नाव काय?"

आईने खालची ओळ वाचून दाखवली.

"मग हिला हाक कशी मारायचे?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मागे रांग खोळंबली होती. पुढचं पान घ्या, असं कुणीतरी म्हणालं. मी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि मुलीचं बघून होईपर्यंत ते पान तसंच राहू दिलं.