सायबिणीने नेलेला पाय

खुरसाजवळ, म्हणजे वाडीच्या क्रुसापाशी, उभं राहायला जागा नव्हती. तापलेल्या पत्र्याखाली सायबिणीची, म्हणजे मेरी मातेची मूर्ती आणि तिच्यापुढे फळीवर मेणाचे हात, पाय, कान. ज्याचं जे दुखतं त्याने ते मेणाचं करून वाहायचं, ही वाडीची जुनी रीत. पण त्या मे महिन्यात नवल वर्तलं होतं. वाहिलेले अवयव भरदुपारी आपोआप वितळत होते!

"वितळलो म्हणजे दुखणां सायबिणीन घेतल्यान!" पांढऱ्या झग्यातला ब्रास ओरडला. हे अवयव तोच विकायचा. पोर्तुगिजांच्या गोव्यातून बांद्याच्या बाजूने आलेला हा गृहस्थ स्वतःला ब्रदर म्हणवी. कुठल्या चर्चचा, ते त्यालाच ठाऊक. "आता डॉक्टर कशाक व्हयो?"

दातदुखीवाल्या धोंडूचा जबडा कालच वितळला होता. "बरां वाटता," असं तो तोंड न उघडता सांगत होता.

आनमारीला हसू येईना. तिच्या नवऱ्याच्या, सावेरच्या पायात पाकट माशाचा काटा घुसून पाय काळानिळा पडला होता. इंजेक्शनं लगेच घेतली नाहीत तर गुडघ्यापासून कापावा लागेल, असं मालवणच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. सावेर मात्र बैलगाडीतून खुरसापाशी येऊन हटून बसला होता. "आज माझो पाय वितळतलो. सुई नको माका."

आनमारी रोज माळ हातात घेऊन तेर्स म्हणणारी, भाविक बाई. तिने डोक्यावरची मासळीची पाटी उतरवली आणि नवऱ्याच्या हट्टापायी ब्रासकडून घेतलेला मेणाचा पाय फळीवर ठेवला. पाय ओला नि गार होता. ब्रास सगळे अवयव घागरीत घालून विहिरीत सोडून ठेवी. "तीर्थात न्हाणतंय," म्हणे.

प्रार्थना झाली, मिटलेले डोळे उघडले. पाय वितळला नव्हता. पाय नव्हताच!

"अख्खो पाय नेल्यान!" एकच गिल्ला झाला. सगळ्यांत जास्त दचकला तो ब्रास. त्याने मटकन गुडघेच टेकले.

तेवढ्यात फळीखालून मचमच ऐकू आली. मासळीच्या पाटीमागोमाग आलेलं आनमारीचं मांजर अंगठा संपवून टाचेला लागलं होतं.

"सायबीण मांजराच्या रूपान आयली!" ब्रास सावरला. तुळसा गाबतीण तर मांजराच्या पायाच पडली.

आनमारीने उरलेली टाच मांजराच्या तोंडातून ओढून हुंगली. दर नाताळाला डुकराची चरबी कढवणारी बाई ती. फळीवरच्या, चर्चमधून आणलेल्या मेणबत्तीचा तुकडा मोडून तिने मांजरापुढे धरला. मांजर फिसकन शिंकलं आणि पुन्हा टाचेकडे वळलं.

"मेण मांजर खाता काय रे, ब्रास? ही डुकराची चरबी आसा!"

लोकांनी घागर वर ओढली. मेण नावापुरतं, बाकी सगळी चरबी. विहिरीच्या गारव्यात घट्ट राहणारी, पत्र्याखाली पाघळणारी. त्याच फळीवर चर्चची उरलेली मेणबत्ती मात्र ताठ उभी होती. ब्रासने झगा गुडघ्यापर्यंत उचलून पोबारा केला.

"मगे माझो पाय?" सावेर रडवेला झाला.

"तुझो पाय तुझ्याच अंगाक आसा. अजून तरी. गाडयेत बस!"

सायबिणीपुढे छातीवर क्रुसाची खूण करून आनमारीने बैलगाडी मालवणला हाकायला लावली. दवाखान्यात सावेर सुईला पाहून सायबिणीच्या नावाने ओरडला, पण पाय वाचला.

मांजराला जे नुसत्या वासाने कळलं, ते नाक असून माणसांना कळू नये? सायबिणीपुढे मेणबत्ती खुशाल लावा, बाबांनो. सुजलेला पाय मात्र डॉक्टरपुढे ठेवा. दुखणं मेणात नसतं, अंगात असतं.