पहिल्या नोंदीवरचं नाव

"चांगलं चालायलंय, तर जुनं कशाला उकरायलीस?" अमरनाथ सर बायकोच्या खुर्चीमागं उभे राहून पुटपुटले.

"इथं चालतंय हो. नांदेडला जाईना की," शिवगंगा स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली.

त्यांच्या लातूरच्या क्लासात पोरांची हजेरी, चाचण्यांचे गुण, सगळं 'सरांच्या सॉफ्टवेअर'वर चालायचं. नांदेडच्या एका क्लासला ते हवं होतं. न्यायला आलेली मृण्मयी लॅपटॉप उघडून शेजारीच बसली होती, पण प्रत काही उतरेना. प्रोग्राममधला एकेक बदल तारीख आणि करणाऱ्याच्या नावासकट गिट नावाच्या नोंदवहीत नोंदलेला, प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीवर टेकलेली. आणि नऊ वर्षांपूर्वीची पहिलीच नोंद खराब झालेली. उतरंडीतलं तळाचं मडकंच तडकलेलं.

शिवगंगेनं टाचण्यांच्या डबीतून जुना पेनड्राइव्ह काढला. पहिल्या दिवसाच्या फायली त्यात शाबूत होत्या.

"ह्यांच्यावरून पहिली नोंद नव्यानं करू. बाकीच्या ओळीनं तिच्यावर चढवू."

मृण्मयीनं सुरुवात केली आणि थांबली. "काकू, हे माझंच नाव घेतंय. कुणाचं टाकू? सरांचं ना?"

नऊ वर्षांपूर्वी मशीननं नाव विचारलं, तेव्हा शिवगंगेनं गॅसच्या कार्डावर, लाईटबिलावर असायचं तेच टाकलं होतं. उखाण्याशिवाय कधी तोंडानं न घेतलेलं. टाईप करतानाही लाजली होती. पुढं कुणी "सर, झकास केलं तुम्ही" म्हटलं, की सर घसा खाकरून चहा सांगायचे. चहा तीच करायची. घरात, क्लासात सगळ्यांना ठाऊक होतं; विषय तेवढा कुणी काढत नव्हतं.

आता हे असंच नांदेडला गेलं, की कायमचं. सांगावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं.

"आधी होतं तेच..." ती म्हणाली.

मागं सरांनी घसा खाकरला. चहाचं निघणार म्हणून ती सवयीनं उठायला लागली. खांद्यावर हात ठेवून त्यांनी तिला खाली बसवलं.

"शिवगंगा टाका," ते म्हणाले. सत्तावीस वर्षं 'अगं'वर संसार केलेला माणूस. "सगळ्याच नोंदींवर. हिनं लिहिलंय ते. मी एक ओळबी लिहिली न्हाई."