भामाची वाटी

"विनिता, फॉइल म्हंजे चपात्या गुंडालतात तोच ना?"

धर्मराज शेजारच्या दारात उभा होता. एका हातात चांदीची वाटी, दुसऱ्यात चमचा. दोन्ही तव्याच्या बुडासारखी काळी.

"तोच, काका. पण ही एवढी काळी कशी झाली? काकूंकडे तर लखलखीत असायची."

"ती रोज वापरायची. मी कपाटात ठेवली. पेपरात गुंडालून, वर रबर लावून."

"रबर? अहो, रबराने चांदी जास्तच काळी पडते."

"आता कलून काय करू? कोमल येतेच हाय. आज नातीचं उष्टावण, आनि मामा मीच हाय."

कोमल त्याची एकुलती लेक, तिला भाऊ नव्हता. बाळाला पहिला घास मामा भरवतो. इथे ते काम आजोबाकडे आलं होतं. धर्मराजने आज रिक्षा एसटी स्टँडवर नेलीच नव्हती. सकाळीच घर झाडलं, खीर केली, ती दोनदा चाखली, आंघोळ करून नवा शर्ट घातला. मग वाटी काढायला कपाट उघडलं, कागद सोडला आणि तसाच शेजारी धावला.

वाटी त्याच्या बायकोला, भामाला, तिच्या बापाने लग्नात दिली होती. काठाखाली बाहेरच्या बाजूला ठिपक्याठिपक्यांनी तिचं नाव घातलं होतं. भामा रोज तिच्यात दही खायची. बायका हसायच्या, "राणी बसली जेवायला." ती म्हणायची, "वापरातली चांदी काली होत नाय. ठेवलेली होते." कोमलचा पहिला घास याच वाटीतला. नातवंडाचाही यातलाच हवा, हे शेवटच्या आजारात तिने नवऱ्याकडून कबूल करून घेतलं होतं. ती गेल्यावर वाटीला कुणाचा हात लागू नये, म्हणून त्याने ती बांधून ठेवली.

त्याच्याच स्वयंपाकघरात विनिताने पातेल्यात फॉइल अंथरला, वाटी-चमचा ठेवून वर खाण्याचा सोडा आणि मीठ टाकलं. धर्मराजने उकळतं पाणी ओतलं. फसफस झाली आणि सडक्या अंड्याचा वास सुटला.

"काय गो, खिरीला येल नाय ना हा वास?"

"नाही हो काका. बघा, बघा आता."

काळं उतरत होतं. आधी काठ पांढरा झाला, मग पोट, मग रबराचा तो जाड पट्टाही गेला. धर्मराज पातेल्यावर एवढा वाकला, की विनिताने त्याला मागे ओढलं. वाटी पुसून त्याने खिडकीशी धरली. तिच्यात त्याचं तोंड दिसलं, फुगलेलं आणि हसणारं.

तेवढ्यात खाली गाडी वाजली. कोमल आणि जावई केतन छोट्या समृद्धीला घेऊन आले. धर्मराजने चपलासुद्धा काढू न देता वाटी कोमलच्या हातात ठेवली. तिने ती फिरवून पाहिली. पुन्हा फिरवली.

"बाबा, आईचं नाव कुठंय?"

त्याने चष्मा लावला. काठाखाली सगळं गुळगुळीत, पांढरं. रोजच्या घासण्याने ठिपके झिजलेच होते. त्यांत काळं बसलेलं, म्हणून तर नाव वाचता यायचं. सोड्याने तेही काढून टाकलं होतं.

"पुसलं मी," तो म्हणाला.

"पप्पा, सराफाकडून परत घालून घेऊ ना," केतन म्हणाला.

"नको. ते दुसरंच नाव व्हईल."

खीर निवत होती. कोमल बाळाला तीट लावायला लागली. धर्मराज अंगठा काठाखाली फिरवत राहिला. एका जागी अंगठा थांबला.

"कोमल, हाय गो. हाताला लागतंय. ती काजलाची डबी दे."

त्याने बोटभर काजळ काठाखाली चोळलं. नव्या शर्टाच्या टोकाने वरचं पुसून काढलं. ठिपक्यांत राहिलेलं काजळ हळूहळू दिसू लागलं. आधी 'भा', मग 'मा'.

"शर्टाचं वाटोलं केलंत," कोमल म्हणाली.

"तुज्या आयशीसारखी बोलू नको. पोरीला दे इकरं."

समृद्धीने पहिला चमचा थुंकला. दुसरा गिळला. मग दोन्ही हातांनी वाटी धरली आणि सोडेना. नाकाला खीर, बोटांना काजळ. धर्मराज एवढा हसला, की त्याला ठसका लागला.

संध्याकाळी सगळे परत गेले. त्याने वाटी साध्या साबणाने धुतली. काजळ निघून गेलं, नाव पुन्हा दिसेनासं झालं. त्याने त्या जागेवरून एकदा अंगठा फिरवला. कपाट उघडंच होतं. त्याने ते लावून घेतलं आणि शेजारचं दार वाजवलं.

"विनिता, घरात दही हाय काय?"

"आहे की. पण काका, तुम्हाला तर दही आवडत नाही."

"आवरेल हलूहलू," धर्मराज म्हणाला आणि वाटी पुढे केली.